बिनविरोध पाणीमंत्री

नागरिकशास्त्राचा तास वेळापत्रकात बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. गणित, विज्ञान, इंग्रजी ही मानकरी मंडळी सकाळच्या ताज्या वेळेला बसतात, मग भाषांचा नंबर लागतो आणि पोटात डबा जाऊन डोळ्यांवर झापड आली की ग्रामसभा आणि राज्यसभा. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला हा विषय मी नोकरीभर शिकवला. शाळा दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात होती, चहूबाजूंनी द्राक्षबागा. मी नाशकातल्या पंचवटीतून आधी एसटीनं आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर स्कूटीवरून जायची. निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक विचारतात, "बाई, एवढी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंत, मग नागरिक सुधारले का हो?" मी म्हणते, ते निकालाच्या दिवशी कळत नाही. पण प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर द्यावं म्हणते.

आमच्या धंद्याची गंमत अशी की हा विषय पाठ करायला अतिशय सोपा आहे. 'नागरिकांची कर्तव्ये लिहा' म्हटलं की पोरं झोपेतही लिहितात. मतदान करावे, सार्वजनिक मालमत्तेची काळजी घ्यावी, कर वेळेवर भरावा. ज्या बाकावर बसून हे लिहायचं त्याच बाकावर कर्कटकानं स्वतःचं नाव कोरलेलं असतं. त्यांचा दोष नाही. पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखं आम्ही हे शिकवतो. मलाही पहिली काही वर्षं दुसरं काही सुचलं नव्हतं.

मग मी एक साधा गृहपाठ द्यायला लागले. गावात जे काही बिघडलंय त्यातली एक गोष्ट शोधायची आणि ती दुरुस्त करणं नेमकं कुणाचं काम आहे ते विचारून यायचं. तक्रार करायची नाही, दुरुस्तीही करायची नाही, फक्त विचारायचं. एका वर्षी सातवीच्या पोरांनी देवळापाशी दिवसाढवळ्या जळणारा दिवा निवडला. त्यांनी वायरमनला विचारलं, पंचायतीच्या शिपायाला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी बटण शेळ्यांच्या गोठ्यामागच्या खांबावर सापडलं आणि पोरांनी माझा नियम मोडून ते बंद केलं. मोठ्या रुबाबात मला येऊन सांगितलं. त्या संध्याकाळी देवळापाशी काळोख, आणि आरतीला आलेल्या दोन म्हाताऱ्या पायरीवर अडखळल्या. दिवा बंद करणारे पुष्कळ होते, पण संध्याकाळी लावायचा कुणी हा विचार कुणीच केला नव्हता. पुढं वर्षभर ती पोरं आळीपाळीनं ते बटण सांभाळत होती आणि त्यात एक दिवस जरी चुकलं तरी गाव त्यांनाच बोलायचं. व्यवहारात विचार कसा करायचा, याचा याहून चांगला धडा मला तरी पुस्तकात सापडला नाही.

पण आज सांगायची आहे ती पाणीमंत्र्याची गोष्ट. जिची ही गोष्ट ती मुलगी आता नाशकात नर्सिंग शिकते आणि तिला विचारूनच मी हे लिहितेय.

आमच्या शाळेत दरवर्षी पाऊसपाणी सुरू झालं की विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ निवडायची पद्धत होती. स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री आणि पाणीमंत्री. खऱ्या मंत्रिमंडळासारखी इथंही काही खाती मानाची. सहलमंत्र्याला काम वर्षातून एकदाच, पण त्याच्यासाठी रांग लागायची. त्या वर्षी मात्र पाणीमंत्रिपदासाठी दोन नावं आली. एक नववीचा ओंकार. त्याचे वडील दत्तूभाऊ गावातले मोठे बागायतदार आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष. दुसरी त्याच्याच वर्गातली यमुना. तिचे आईवडील पेठ तालुक्यातले, दत्तूभाऊंच्याच बागेत कामाला आणि बागेतल्याच पत्र्याच्या खोलीत राहायला. यमुना कधी हात वर न करणारी मुलगी. तिनं नाव दिलं याचंच मला नवल वाटलं.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी नववीचं शिष्टमंडळ स्टाफरूममध्ये आलं. सगळ्यांचे चेहरे खुललेले.

"मॅडम, पाणीमंत्री बिनविरोध!" ओंकारचा एक मित्र म्हणाला.

"कसा काय?"

"यमुनानं माघार घेतली. आम्ही बसवून मिटवलं. तिला पंधरा ऑगस्टला खाऊ वाटायचा मान दिला."

हसू आलं, आणि रागवायला कारण सापडेना. पोरांनी जे पाहिलं होतं तेच हुबेहूब केलं होतं. आमच्या भागात पंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली तर गावाला केवढा अभिमान असतो. जाणती माणसं बसतात, एकाला समजावतात, दुसऱ्याला कशाचा तरी शब्द देतात, आणि मग गुलाल. भांडण नाही, खर्च नाही, कुणाचं तोंड पडत नाही. पोरांना वाटलं होतं, मॅडम शाबासकी देतील. दोष त्यांच्या हेतूत नव्हताच.

मी यमुनाला बोलावलं. "तू आपणहून माघार घेतलीस?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "सगळे म्हणले म्हणून."

"मग नाव दिलं कशाला होतंस?"

ती मग एकदम बोलली. "जिजासाठी, मॅडम."

जिजा तिची धाकटी बहीण, आमच्याच शाळेत सहावीत. आठवडाभर तापानं घरी होती. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही मुलगी पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवते, त्यानं हे झालंय. का धरून ठेवते ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सकाळचा थोडा वेळ सोडला तर मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसायचं. पाणी नाही म्हणून घाण, आणि घाण होते म्हणून त्याला कुलूप. किल्ली ऑफिसात, मुख्याध्यापकांच्या मागच्या खिळ्याला. मोठ्या दहा माणसांसमोर जाऊन ती मागायची कोणत्या मुलीची छाती होणार? त्यापेक्षा त्या सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडायच्या आणि आम्ही 'डबा नीट खात जा' म्हणून त्यांनाच उपदेश करायचो. मीटिंगमध्ये मी हा विषय दरवर्षी काढायची. उत्तर ठरलेलं, "पाणी कमी पडतं, पंचायतीकडे जादा पाण्याची मागणी केलेली आहे." ते ऐकून मी गप्प बसायची, कारण पाणी कमी पडतं हे मलाही खरंच वाटत होतं.

"आई म्हणती, आता जिजाला नको पाठवू शाळेत," यमुना म्हणाली. "दुखणं घेऊन येण्यापेक्षा बागेत आली तर कामाला तरी लागंल."

मी विचारलं, "माघार परत घेतेस?"

"अशी घेता येती?"

"खऱ्या निवडणुकीत नाही येत. पण ही शिकायची निवडणूक आहे."

तिनं होकारार्थी मान हलवली. मी निवडणूक जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊ शाळेत आले. शांत माणूस. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. खुर्चीत बसून टोपी मांडीवर ठेवली.

"मॅडम, राग नका धरू, पण पोरांत इलेक्शन कशाला पाहिजे व्हतं? चांगलं मिटलं व्हतं ना."

"भाऊ, मिटलं नव्हतं. एकीनं तोंड मिटलं होतं."

"तुम्ही नाशकाहून येता, संध्याकाळी परत जाता. आम्हाला इथंच राहायचंय. मागं गावात एकदा निवडणूक झाली, तर भावाभावांनी एका बांधावरून जाणं बंद केलं. लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. बिनविरोध झालं का गाव एक राहतं. आणि उद्या ओंकार हरला तर? त्याच्या बापाच्या बागेत तिचा बाप कामाला हाय. पोरगी जिंकली तरी तिलाच जड जाईल, याचा काही विचार?"

खरं सांगायचं तर मी तेवढा विचार केला नव्हता आणि त्यांचं म्हणणं मला लागलं. मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. पण हरून दुसऱ्या दिवशी एका बाकावर बसायचं कसं, हे पोरांनी नाहीतर शिकायचं कुठं? मोठेपणी पंचायतीत?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "बघा बाई, तुम्ही शिकलेल्या." एवढं बोलून गेले. परवानगी दिली की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मतदानाचा दिवस मोठा मजेचा झाला. आमच्या संगणकाच्या सरांनी मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप आणलं होतं. बटण दाबलं की खऱ्यासारखा लांब आवाज यायचा. तो आवाज पोरांना इतका आवडला की पाचवीतली अर्धी मंडळी रांगेत पुन्हा मागं जाऊन उभी राहायला लागली. ते मतदान रद्द करून चिठ्ठ्या कराव्या लागल्या. त्याआधी दोघांची भाषणं झाली. ओंकार म्हणाला, "मला निवडलं तर पप्पा शाळेला थंड पाण्याचं मशीन देणार." टाळ्याच टाळ्या. यमुना म्हणाली, "मुलींच्या संडासात पाणी आणीन." मुलं खिदळली आणि मुलींनी माना खाली घातल्या.

यमुना हरली. वाईट याचं वाटलं की मुलींनीही मतं थंड पाण्याच्या मशीनलाच दिली. दिवसभर घोटभर पाणी न पिणाऱ्या पोरींनी! मोठ्या माणसांच्या निवडणुका पाहत आलेल्या मला खरं म्हणजे याचं आश्चर्य वाटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी यमुना आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओंकार मधल्या सुट्टीत माझ्यापाशी घुटमळला. "मॅडम, मी काही केलं नाय तिला. तरी ती बागेतून जाताना तोंड फिरवती." जिंकूनही पोरगं रडवेलं झालं होतं. दत्तूभाऊंचं बोलणं माझ्या डोक्यात घुमायला लागलं. एकीची शाळा वाचवायला निघाले आणि दोघींची सुटायची वेळ आणली, असं वाटून मला त्या दिवशी शिकवणंही सुचेना.

शाळा सुटल्यावर स्कूटी बागेकडे वळवली. वेलींचे शेंडे खुडायचं काम चालू होतं आणि यमुना आईबरोबर ओळीत उभी राहून खुडत होती. जिजा खोलीच्या दारात गोधडी पांघरून बसलेली. मला पाहून आईनं घाईघाईनं पाण्याचा तांब्या आणला.

"हरले ना मी," यमुना माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता काय करू येऊन?"

"हरलीस ते खरं. पण तुझं काम संपलं असं कोण म्हणालं? पुस्तकातलं विधानसभेचं प्रकरण आठव. जिंकलेले सरकार चालवतात. हरलेल्या पक्षाच्या नेत्याला सरकारच गाडी देतं, बंगला देतं. कशाबद्दल?"

"कशाबद्दल?"

"प्रश्न विचारायचे म्हणून. दर शनिवारी आपल्याकडे प्रश्नोत्तराचा तास सुरू करते. तू विचार, ओंकारनं उत्तर द्यायचं."

"आणि मला गाडी?"

"उद्या सकाळी स्कूटीवर मागं बस, शाळेपर्यंत सोडते." ती हसली. तिची आई मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई, हिला न्या. पण धाकटीचं नका सांगू. लय सोसलंय तिनं." मी तांब्यातलं पाणी प्यायले आणि निघाले.

शनिवारी कवायत झाल्यावर अख्खी शाळा मैदानात बसली. मंत्री एका बाजूला बाकावर. यमुना उठली. आवाज खणखणीत.

"पाणीमंत्र्यांनी सांगावं, मुलींच्या संडासाला पाणी का येत नाही?"

ओंकारनं आम्हा मोठ्यांचं उत्तर दिलं. "पाणी कमी पडतं."

"टाकी एकच हाय. मग मुलांच्या नळाला दिवसभर कसं येतं?"

मुख्याध्यापक आहेर सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. इतका सरळ प्रश्न आमच्यापैकी कुणीच कधी विचारला नव्हता. ओंकार लाल झाला, पण पळून गेला नाही. "चौकशी करून सांगतो," म्हणाला, आणि मंत्री लोक म्हणतात म्हणून म्हणाला नव्हता. सोमवारी त्यानं शिपाई रामदासमामांकडून शिडी धरून घेतली आणि गच्चीवर चढून टाकी पाहिली. बागायतदाराचं पोर ते. ड्रिपच्या टाक्या, पाइप, कॉक यांत वाढलेलं. पाच मिनिटांत खाली आलं.

"मॅडम, मुलांचा पाइप टाकीच्या बुडाशी जोडलाय आणि मुलींचा मधोमध. टाकी अर्धी झाली का मुलींचं पाणी बंद. पाणी कमी नाय, भोक वर हाय!"

बांधकामाच्या वेळी कुणीतरी हाताला आलं तिथं भोक पाडलं होतं. आणि आम्ही इतकी वर्षं पंचायतीकडे जादा पाणी मागत होतो. ओंकारनं हे घरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊ स्वतःच बागेतलं सामान पिशवीत घालून आले, बरोबर प्लंबर. काम होईपर्यंत उन्हात उभे राहिले. जाताना मला म्हणाले, "मशीनचं नंतर बघू मॅडम. आधी हे." निवडणुकीबद्दल चकार शब्द नाही. पुढं ते गावच्या बैठकांत बिनविरोधाचाच आग्रह धरत राहिले, तेही सांगितलं पाहिजे. एका पाइपानं माणूस बदलत नाही आणि तशी अपेक्षा मी तरी ठेवली नव्हती.

स्वच्छतागृह धुऊन घेतलं. नळाला धो धो पाणी. पुढच्या शनिवारी ओंकारनं उभं राहून सगळं सांगितलं, टाळ्या झाल्या, आहेर सरांनी त्याची पाठ थोपटली. मी मनात म्हटलं, झालं बाई एकदाचं. तेवढ्यात यमुनाचा हात वर.

"पाणी आलं. पण पोरी अजून जात नाहीत. किल्ली ऑफिसातच हाय."

ओंकार गोंधळला. "किल्ली माझ्याकडं नाय. ती सरांकडं असती."

आता सगळी शाळा आहेर सरांकडे बघायला लागली. कडक माणूस होता, पण दुष्ट नव्हता. मंत्र्यांच्या बाकाशेजारी उभं राहून विद्यार्थिनीला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. ते दोनदा खाकरले.

"बरं. मग किल्ली कुठं ठेवू या? तुमच्या वर्गात ठेवू? की बाईंकडे?"

यमुनानं जरा विचार केला. "सर, घाण होती म्हणून कुलूप होतं. घाण होती कारण पाणी नव्हतं. आता पाणी आलं. मग कुलूप कशाला पाहिजे? आतून कडी असली म्हणजे झालं."

आम्ही सगळे शिक्षक किल्लीचाच विचार करत होतो. कुणाकडे द्यावी, कोणत्या खिळ्याला लावावी. आहेर सर ऑफिसात गेले, किल्ली घेतली, मैदान ओलांडून स्वतः तिकडे गेले, कुलूप काढलं आणि खिशात घातलं. परत येताना एवढंच म्हणाले, "रामदास, आतली कडी तपासून घे." मला त्या माणसाचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

नागरिक सुधारले का, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगू शकते. बहुतेक वर्षी आमचे मंत्री शपथ घेऊन विसरून जायचे. यमुनासारखी मुलगी दरवर्षी येत नाही, आणि आली तरी तिला माघार घ्यायला लावणारे आपण सगळे तिच्या भोवती असतोच.

त्यानंतर काही दिवसांनी सहावीवर माझा तास होता, नेहमीप्रमाणे जेवणानंतरचा. स्थानिक शासन संस्था शिकवत होते. निम्मा वर्ग पेंगत होता. मागच्या बाकावरून एक बारीक हात वर आला. अंगानं अजून वाळलेली, पण गणवेशाला इस्त्री केलेली. यमुनाची जिजा. दोन दिवसांपूर्वीच आई तिला स्वतः फाटकापर्यंत सोडून गेली होती.

"मॅडम, पाणी पिऊन येऊ?"

मी जा म्हटलं. ती उठली तशी तिच्या शेजारची उठली, मग पुढच्या बाकावरच्या दोघी, मग आणखी कुणीकुणी. परवानगी मागायचंही त्यांना सुचलं नाही. मुलींची बाजू बघता बघता रिकामी झाली. मी खडू खाली ठेवला आणि त्या सगळ्या परत येईपर्यंत पुढचं वाक्य शिकवलं नाही.